सविस्तर

ओळंब्याचं वजन फरशीपासून बोटभर वर येऊन थांबलं, दोन-तीन हेलकावे खाऊन स्थिर झालं, आणि गोदामप्रमुख बाईंनी चष्मा सारखा करून फूटपट्टी लावली. दोरा वर रॅकच्या तिसऱ्या आडव्या पट्टीशी बांधलेला होता. तिथे तो लोखंडी खांबाला अगदी चिकटून होता. खाली मात्र दोरा आणि खांब यांच्यात चांगलं अंतर पडलं होतं.

"किती?" मामांनी विचारलं. मामा फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलून वर ठेवायचं यंत्र, चालवायचे. गोदामातले सगळ्यांत जुने, म्हणून सगळ्यांचेच मामा.

"बावीस मिलिमीटर."

"गेल्या महिन्यात?"

"चौदा. त्याच्या आधी नऊ."

मामांनी बॅटरी खाली वळवली. खांबाच्या बुडाशी जी पट्टी जमिनीत बोल्टांनी आवळलेली असते, तिचा एक बोल्ट जागेवर नव्हता आणि दुसरा बोटांनी फिरवला तर फिरत होता. फरशीला तिथे केसाएवढी चीर गेली होती. त्यांनी खिशातून खडू काढला आणि चिरेच्या टोकाला छोटी रेघ मारली, चीर उद्या कुठवर जाते ते कळावं म्हणून.

"तीन पत्रं झाली," बाई दोरा गुंडाळत म्हणाल्या. "तिन्हींवर साहेबांचा एकच शेरा. नोंद घेतली."

"मग चौथं लिहा."

"लिहिते. आज मीटिंगमध्ये तोंडीच घालते कानावर. मुख्य कार्यालयातल्या बाई असणार आहेत."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी नियोजन अधिकारी येऊन उभा राहिला. तिशीतला, हुशार, इंग्रजी पाण्यासारखं बोलणारा. त्याने घड्याळावर बोट आपटून दाखवलं.

"सविस्तर मॅडम, चला. स्क्रीन लागलाय."

बाईंनी ओळंबा पिशवीत टाकला. मामांनी मान दुसरीकडे वळवली. ते नाव त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं, पण गोदामात ते माहीत नसलेला माणूस उरला नव्हता.

*

हे नाव दोन महिन्यांपूर्वी चिकटलं होतं.

मुख्य कार्यालय दूर, दुसऱ्या देशात. तिथल्या संचालिका महिन्यातून एकदा पडद्यावर यायच्या. त्या दिवशी बैठक सुरू व्हायच्या आधी त्यांना जांभई आली, आणि माफी मागत त्या म्हणाल्या की घरात आजारी माणूस असलं की झोपेचं खोबरं होतं. बाईंना एकदम माया वाटली. आपल्या मोडक्या-तोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडेही तेच आहे, वडिलांना हल्ली काही आठवत नाही, घरातल्या सगळ्यांच्या नाकी नऊ येतात.

"ओह, टेल मी अबाउट इट," संचालिका म्हणाल्या.

आणि बाईंनी सांगितलं.

वडील पूर्वी विजेच्या खांबावर चढणारे लाइनमन होते हे सांगितलं. आता ते दर दुपारी घराचा मेन स्विच खाली ओढतात आणि त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसतात, कारण त्यांच्या हिशेबी वर माणूस चढलेला असतो, आणि तो उतरल्याशिवाय ते कुणाला स्विचला हात लावू देत नाहीत, हे सांगितलं. असा माणूस एकदा खरोखर वर होता, आणि कुणीतरी न विचारता वीज सोडली होती, हेही सांगितलं. तो त्यांचा जोडीदार होता. बाईंना शब्द सापडत नव्हते, तेव्हा त्यांनी हातांनी स्विच दाखवला, खुर्ची दाखवली. संचालिका मान किंचित कलती करून ऐकत होत्या. शेवटी त्या हळूच "थँक यू" म्हणाल्या आणि कामाला सुरुवात झाली.

पडदा बंद झाल्यावर मात्र खोलीत हशा पिकला.

"सात मिनिटं, मॅडम," नियोजन अधिकारी डोळे पुसत म्हणाला. "मी मोजली. त्यांनी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं, आणि तुम्ही सविस्तर उत्तर दिलंत."

व्यवस्थापक साहेबही हसले. बाईंना कळेना की हसण्यासारखं काय घडलं. त्याही थोडं हसल्या.

संध्याकाळी लेकीने उलगडा केला. ती कॉलेजात होती. तिने पुस्तक मिटलं आणि आईकडे जरा जपूनच पाहिलं.

"आई, ते उलटं असतं. सांग म्हणायचं, आणि अर्थ असा की सांगू नकोस, मला पुरतं ठाऊक आहे. आपण नाही का म्हणत, 'ते मला विचार'? तेव्हा समोरच्याने काही विचारायचं नसतं."

बाई म्हणाल्या, "आणि खरंच सांग असं म्हणायचं असेल तर?"

"तेव्हाही हेच वाक्य."

"मग ओळखायचं कशावरून?"

"सुरावरून," लेक म्हणाली. तिने दोन्ही सुरांत म्हणून दाखवलं. बाईंना दोन्ही सारखेच वाटले.

दुसऱ्या दिवसापासून त्या गोदामात सविस्तर मॅडम झाल्या. कुणाला माल कुठे आहे ते सांगायला गेल्या की समोरचा म्हणायचा, "थोडक्यात हं, मॅडम." चहाच्या वेळी कुणी कसलंही गाऱ्हाणं केलं की दुसरा लगेच "टेल मी अबाउट इट" म्हणायचा आणि चोरून बाईंकडे बघायचा. तेवीस वर्षं नोकरी झालेल्या बाईंना कुणी वाईट बोललं नव्हतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. त्या बोलणं कमी करत गेल्या. पत्रंही आखूड झाली. सातव्या गल्लीतल्या रॅकबद्दलचं पहिलं पत्र दोन पानी होतं. तिसरं चार ओळींचं.

*

बैठकीच्या खोलीत स्पीकर खरखरत होता. संचालिकांचा चेहरा मधेच थिजायचा आणि आवाज चेहऱ्याच्या पुढे धावायचा. निघालेला माल, येणारा माल, उशिरा पोचलेल्या गाड्या असं सगळं झालं. नियोजन अधिकाऱ्याने तक्ते दाखवले. अर्ध्या तासाने संचालिकांनी विचारलं, आणखी काही?

बाईंनी हात वर केला. पुढ्यात फाइल उघडी होती. तिच्यात तीन महिन्यांची मापं, बोल्टचा फोटो आणि मामांनी काढलेली चिरेची आकृती. वाक्यं त्यांनी लेकीकडून लिहून घेऊन पाठ केली होती.

"सातव्या गल्लीतला रॅक कललेला आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मला त्याची काळजी वाटते."

स्पीकर खरखरला.

"टेल मी अबाउट इट," संचालिका म्हणाल्या.

बाईंचं बोट फाइलच्या पहिल्या ओळीवर होतं, ते तिथेच राहिलं. त्यांनी सूर ओळखायचा प्रयत्न केला. सूर खरखरीत विरून गेला होता. चेहरा बघावा तर तो थिजलेला, अर्धवट मिटल्या डोळ्यांचा. त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. नियोजन अधिकाऱ्याने तोंडावर हात धरला होता आणि त्याचे खांदे बारीक हलत होते. साहेब छताकडे बघत होते.

बाईंनी फाइल मिटली.

"दॅट इज ऑल," त्या म्हणाल्या.

पलीकडून काही वेळ काहीच आलं नाही. मग संचालिकांनी पुढच्या बैठकीची तारीख सांगितली आणि पडदा काळा झाला.

"आज थोडक्यात आटोपलंत, मॅडम," नियोजन अधिकारी उठता उठता म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती. ती कधीच नसायची.

*

दुपारी तीनच्या सुमाराला फरशीच्या खोक्यांची गाडी लागली. लाकडी पाटांवर रचलेली चोवीस पॅलेट, प्रत्येक सुमारे एक टनाचं. खालच्या सगळ्या जागा भरलेल्या. साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा नियोजन अधिकाऱ्याने छापलेली चिठ्ठी टेबलावर तयार होती. कुठला माल कुठे चढवायचा ते त्या चिठ्ठीवर असायचं, आणि बाईंच्या सहीशिवाय मामा पॅलेटला हात लावत नसत.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, गल्ली सात, वरचे दोन मजले.

"साहेब, तिथे नको."

"मग कुठे? तुम्ही जागा दाखवा, मी तिथे ठेवायला सांगतो."

"बाहेर आवारात ठेवू. ताडपत्री घालून. दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे."

"आणि खोकी भिजली की उत्तर कोण देणार?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट नव्हते, थकलेले होते. "बाई, तुमची पत्रं मी वर पाठवली होती. वरून उत्तर नाही. आज खुद्द संचालिकांपुढे तुम्ही विषय काढलात. त्या विचारत होत्या, आणि तुम्हीच म्हणालात, 'एवढंच'. मी म्हटलं, चला, मिटलं. आता पुन्हा माझ्यापुढे तेच?"

बाईंनी तोंड उघडलं. काय सांगणार होत्या? की त्या विचारत नव्हत्या? की इंग्रजीत विचारणं म्हणजे न विचारणं असतं? हे सांगायलाही सात मिनिटं लागली असती.

"मिटलं," त्या म्हणाल्या. 

त्यांनी चिठ्ठी ओढून घेतली. सही एवढ्या जोरात केली की शेवटच्या फराट्याला कागद फाटला. मग त्या स्वतः गल्लीपर्यंत चालत गेल्या, मामांच्या हातात चिठ्ठी दिली आणि एक शब्दही न बोलता परत फिरल्या. मामांनी चिठ्ठी वाचली, एकदा वर रॅककडे पाहिलं, एकदा पाठमोऱ्या बाईंकडे पाहिलं. मग चिठ्ठी खिशात घालून ते यंत्रावर चढले.

त्या संध्याकाळी आठ पॅलेट चढली. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला नववं पॅलेट वर टेकत असताना बाई आपल्या टेबलाशी होत्या. आधी एक बारीक आवाज आला, जाड तार ताणून सोडल्यासारखा. नंतरचा आवाज बारीक नव्हता. खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि गोदामभर पांढरी धूळ उठली. बाई धावल्या तेव्हा सातवी गल्ली उरलीच नव्हती. फुटक्या फरशीच्या ढिगातून फोर्कलिफ्टच्या छपराचा एक पिवळा कोपरा दिसत होता, आणि त्याच्या खालून मामांचा हात. हाताची बोटं हलत होती.

*

मामांच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि तीन बरगड्या. छपराच्या जाळीने जीव वाचवला, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत बाई गेल्या, तेव्हा मामा उशांना टेकून बसले होते. डावा हात गळ्यात बांधलेला.

बाईंनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. ते पाणी त्यांना हवं आहे की नाही हे विचारायचं राहून गेलं.

"मला वाटलं तोड निघाली," मामा म्हणाले. श्वास लागत होता म्हणून ते थांबत थांबत बोलत होते. "चिठ्ठी वाचली तेव्हा आधी बुचकळ्यात पडलो. मग तुमची सही बघितली. म्हटलं, बाईंनी सही केलीय म्हणजे बघितलं असणार. कुणीतरी येऊन बोल्ट आवळून गेलं असणार."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते फक्त काय झालं ते सांगत होते.

बाई स्टुलावर बसल्या. पर्सचा पट्टा त्यांनी दोन वेळा बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला. मग त्या बोलायला लागल्या. खाली मान घालून, पण काही न गाळता. बोलणं संपलं तेव्हा मामांनी तोंड भिंतीकडे केलं, आणि बाई बाहेर पडेपर्यंत ते तसंच होतं.

*

चौकशीसाठी पुन्हा तीच खोली, तोच पडदा. या वेळी स्पीकर नवा होता, आवाज लख्ख येत होता.

संचालिकांनी आधीच्या बैठकीचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. बाईंचं वाक्य आलं. मग "टेल मी अबाउट इट". नव्या स्पीकरवर ते वाक्य साधं, सरळ, जराशा चिंतेचं वाटलं. फाइल मिटल्याचा आवाज. "दॅट इज ऑल." आणि त्यानंतर शांतता. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते. सहा. नऊ. अकरा.

"मी वाट बघत होते," संचालिका म्हणाल्या. हे बाईंना नीट कळलं. "मला वाटलं, तुम्ही कागद शोधताय. तुम्ही का थांबलात?"

"भाषेची थोडी अडचण होते त्यांना," साहेब घाईने म्हणाले.

"साहेब, मला सांगू द्या," बाई म्हणाल्या. "पण मी आपल्या भाषेत सांगणार. कुणीतरी इंग्रजीत सांगा."

साहेबांनी नियोजन अधिकाऱ्याकडे पाहिलं. दुसरं कोण होतं?

बाई एक वाक्य बोलायच्या आणि थांबायच्या. तो ते इंग्रजीत म्हणायचा. सुरुवात त्यांनी ओळंब्यापासून केली. नऊ, चौदा, बावीस. मामांची खडूची रेघ. तीन पत्रं. मग पहिल्या बैठकीवर आल्या. वडिलांबद्दल आपण बोललो ते, आणि नंतर खोलीत सगळे हसले ते. लेकीने सांगितलेला अर्थ. नियोजन अधिकारी भराभर बोलत होता, पण आता त्याचा वेग कमी झाला.

"तेव्हापासून इथे मला सविस्तर मॅडम म्हणतात," बाई म्हणाल्या.

तो थांबला. बाईंकडे न बघता त्याने हळूच विचारलं, "हे पण?"

"हे पण."

त्याने ते सांगितलं. त्या नावासाठी त्याला एक शब्द पुरला नाही, तीन-चार वापरावे लागले. आणि मग, बाई काही बोललेल्या नसताना, त्याने स्वतःचं एक वाक्य पुढे जोडलं. ते छोटं होतं, बाईंना कळलं. ते नाव मी ठेवलं, असं तो म्हणाला होता.

पडद्यावर संचालिकांनी कपाळावर हात ठेवला. मग त्यांनी बाईंची माफी मागितली, नेमक्या आणि सोप्या शब्दांत, भाषांतर लागू नये अशा. म्हणाल्या, हा गैरसमज होता. चूक यंत्रणेची आहे, एका माणसाची नाही.

खोलीतली हवा सैल झाली. साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली आणि फाइलचा बंद बांधायला घेतला. गैरसमज हा शब्द सगळ्यांनाच पुरत होता. साहेबांना, नियोजन अधिकाऱ्याला, पडद्यापलीकडच्या बाईंना. त्याच्याखाली बाईंनाही ऐसपैस जागा होती.

"अजून एक आहे," बाई म्हणाल्या.

साहेबांचा हात थांबला.

"त्या दुपारी चिठ्ठीवर मी सही केली. बोल्ट निघालेला मला माहीत होता. चीर माहीत होती. कुणी माझा हात धरला नव्हता. मी रागाने सही केली. मनात म्हटलं, पडू दे. एकदा पडलं की सगळ्यांना कळेल. खाली मामा असणार हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. ते यायला हवं होतं."

नियोजन अधिकारी त्यांच्याकडे बघत राहिला. मग पडद्याकडे वळून त्याने एक वाक्य म्हटलं. बाईंनी एवढं बोलल्यावर ते फार आखूड होतं, आणि त्यात एक शब्द त्यांना ओळखीचा लागला. प्रेशर.

"नाही," बाई म्हणाल्या. "प्रेशर नाही. मी म्हटलं ते सांग."

तो त्यांच्याकडे झुकला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की साहेबांनाही तो ऐकू गेला नसावा.

"मॅडम, हे नका काढू. मिटलंय आता. तुमची तेवीस वर्षं झालीत. हे लिहिलं गेलं तर मागे घेता येणार नाही."

"मामांना मी परवाच सांगितलंय."

"काय म्हणाले ते?"

"काही नाही म्हणाले."

पडद्यावर संचालिका वाट बघत होत्या. या खेपेला चेहरा थिजलेला नव्हता.

"सांग," बाई म्हणाल्या.

त्याने घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सही. बोल्ट. चीर. तो हळू बोलत होता, एकेक वाक्य तोडून. बाई टेबलावर दोन्ही हात ठेवून, मान जराशी पुढे करून प्रत्येक शब्द ऐकत होत्या. कुठे काही सुटत नाही ना, याकडे त्यांचं लक्ष होतं.